मालागा: अल्काझाबातून हिब्राल्फारोला आतून वाट नाही

स्पेनमधल्या मालागाच्या नकाशावर भरवसा ठेवला की हमखास फसगत. खाली अल्काझाबा हा तटबंदीतला राजवाडा, डोंगरमाथ्यावर हिब्राल्फारो किल्ला, मध्ये दोघांना जोडणारी दुहेरी तटबंदी, शिवाय तिकीटही एकत्र मिळतं. बालेकिल्ल्यावर जातो तसं आतल्या आत वर जाऊ, असंच कुणालाही वाटणार. पण कोराचा नावाची ही तटबंदी पर्यटकांना बंद आहे. अल्काझाबा चढून पाहायचा, रोमन थिएटरपाशी परत उतरायचं आणि तटाच्या बाहेरून पुन्हा शून्यापासून चढायचं!

सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढ किरकोळच आहे. माथा जेमतेम १३० मीटर, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्रास आहे तो फरसबंदीचा. दगड झिजून गुळगुळीत झालेत, सावली तुटक. ऑगस्टमधल्या दुपारी इथे चढणं शुद्ध मूर्खपणा. ख्रिस्ती राजांच्या १४८७ च्या वेढ्यात हा किल्ला तीन महिन्यांवर झुंजला आणि शेवटी उपासमारीने पडला, त्यात नवल वाटत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. पासेओ देल पार्के या रस्त्यावरून ३५ नंबरची बस थेट हिब्राल्फारोच्या दाराशी सोडते. सकाळी आधी तो उरका, तटावरून एक फेरी मारा, मग चालत उतरून अल्काझाबा. उतारावर पाय जास्त सटकतो, तेव्हा चांगल्या पकडीचे बूटच घाला. एकत्र तिकीट घ्याच, ते स्वस्त पडतं. रविवारी दुपारी २ नंतर दोन्ही फुकट असतात, पण रांग लागते आणि त्या दिवशी आतारासानास मंडई बंद. एवढ्यासाठी रविवार धरू नये.

कॅथेड्रल आणि पिकासो संग्रहालय सपाटीवर आहेत, वाट चुकायची सोय नाही.

खिसा कापला जातो तो माशात. मेन्यूवर किलोचा भाव असेल किंवा भावच नसेल, तर मासा तुमच्यासमोर वजन करून रक्कम आधी वदवून घ्या. न मागता आलेला पावही बिलात लागू शकतो; नको असेल तर लगेच परत पाठवा. सार्डिन खायला शहरातल्या पेद्रेगालेहो भागाच्या किनाऱ्यावर जा. तिथे वाळू भरलेल्या होडीत लाकडं पेटवून, वेताच्या काडीला ओवलेले मासे भाजतात. शाकाहारी असाल तर तळलेली वांगी मागवा, वरून चक्क उसाची काकवी घालतात. थंड सूपवर मात्र हॅमचे तुकडे पेरलेले असू शकतात, 'सिन हामोन' (हॅम नको) असं आधीच सांगा. साधारण ४ ते ८ बरीच स्वयंपाकघरं बंद असतात.

विमानतळावरून सी-१ लोकलने आलात तर मारिया झांब्रानो या मुख्य स्टेशनला उतरू नका. पुढचं सेंत्रो-अलामेदा हे शेवटचं स्टेशन, जुनं शहर तिथून चालत गाठता येतं.