आमची वाटचाल : बेचाळीस वजा सतरा

दारव्ह्यात आमचं खाली झेरॉक्स आणि वर शाळांसाठी गणिताच्या सरावाचं सॉफ्टवेअर. २०१७ साली मी आणि एका निवृत्त गुरुजींनी सुरू केलं. पगार झेरॉक्सवरच निघायचे, हे आधी कबूल करतो.

गुरुजींची एक जाड वही होती, नोकरीभर पोरांनी केलेल्या चुकांची. ४२ वजा १७ बरोबर ३५. गुरुजी म्हणत, "चुकलं नाही भाऊ, त्याचा नेम आहे. दोनातून सात जात नाही, म्हणून पोट्टं सातातून दोन काढते." आमच्या प्रश्नपेढीतला प्रत्येक चुकीचा पर्याय त्या वहीतून आला. ३५ निवडलं की पोरगं आधी दशक सुटे करायला मागे जातं. २५ निवडलं तरी लगेच पुढे सोडत नाही. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारांत एकदा लागतंच. सगळं रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकाच्या डबीत, शेजारी राउटर, दोन्ही इन्व्हर्टरवर. रेंज नसली तरी अडत नाही.

२०२१ मध्ये टॅबवाले आले, म्हणजे शाळांना टॅबवर व्हिडिओ देणारी कंपनी. नाव घेत नाही, तालुक्याला माहीत आहे. त्यांच्या पत्रकावर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचं १९८४ चं संशोधन : एकेकट्याला शिकवलं तर सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. पण ब्लूम यांच्याकडे शिकवायला माणूस होता, टॅब नव्हता, ते पत्रकात नव्हतं. यांचा 'प्रत्येकाचा वेगळा मार्ग' म्हणजे व्हिडिओवर पोराचं नाव. चुकलं की तोच व्हिडिओ पुन्हा. आमच्या नऊ गिऱ्हाइकांपैकी आठ शाळा होत्या, त्या सगळ्या गेल्या. रंगीत झेरॉक्स मशीन विकलं. गुरुजी वही घेऊन घरी बसले.

राहिल्या फक्त खेड्यात शिकवणी घेणाऱ्या एक ताई. महिन्याच्या महिन्याला एसटीने यायच्या, पैसे द्यायच्या आणि आमच्या डबीला न कळलेल्या चुकांचा कागद ठेवायच्या. एकदा त्यात होतं : ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं, काहून तर पंचवीस तिनापेक्षा मोठे. तो कागद घेऊन मी गुरुजींच्या घरी गेलो. वाचून ते चप्पल घालायला उठले.

पुढची वर्षं बरी गेली. या धंद्यात उतरणाऱ्यांनो, डेमोआधी शाळेचा प्लगपॉइंट तपासा आणि मुख्याध्यापकांच्या आधी शिपायाशी ओळख करा, वर्गाची किल्ली त्याच्याकडे असते.

पाच शाळा परत आल्या. एका ठिकाणी आमचं आता त्याच टॅबवर चालतं, बॅटरी फुगलेले अकरा सोडून. ताईंना अजून जुनाच दर लावतो. गुरुजींना तेही पटत नाही. ते म्हणतात, कागदाचे पैसे आपणच द्यायला पाहिजेत.