चुलत्याकडे वाढलेली पोर कायद्याने कोणाची?

शनिवार, रात्री

चिपळूणला वकिलांना भेटून आम्ही वेळणेश्वरला परतलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. बहीण वाटेत एक शब्द बोलली नाही. मला झोप लागणार नाही, म्हणून लिहीत बसलेय.

माझ्या मामेबहिणीकडे वाढणारी पोर तिच्या दिराची. बाळंतपणानंतर तिची आई गेली. दीर मुंबईला नोकरीत. त्याने बाळ वहिनीच्या पदरात टाकलं आणि कामावर गेला. घरातल्या घरात कागद कसला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. आता ती दुसरीत आहे. बहिणीला आई म्हणते, भावोजींना बाबा, आणि जन्मदात्याला 'विरारचे बाबा'. त्यांनी पाठवलेली रंगपेटी ती कोणाला हात लावू देत नाही. पण ताप आला की बहिणीच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नाही.

दिराचं दुसरं लग्न झालं. मध्यंतरी त्याचा फोन आला, गणपतीला येईन तेव्हा पोरीला घेऊन जाईन. तो वाईट माणूस नाही. आपलं लेकरू आपल्याजवळ असावं असं कुठल्या बापाला वाटणार नाही? पण त्या दिवसापासून बहिणीच्या घशाखाली घास उतरत नाही.

वकिलांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं, "ताई, तुम्ही वाढवलंत, पण नैसर्गिक पालक तोच." सांभाळायला देणं वेगळं, दत्तक देणं वेगळं. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे मूल दत्तक म्हणूनच द्यायचं या हेतूने प्रत्यक्ष देणं-घेणं व्हावं लागतं. दत्तहोम केलाच पाहिजे असं नाही. नोंदणीही सक्तीची नाही, पण देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचं नोंदणीकृत दत्तकपत्र असलं की दत्तक कायदेशीर झालंय असंच न्यायालय धरून चालतं. तसं नाही म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावं लागतं. इथे यातलं काहीच झालेलं नाही. दीर हट्टालाच पेटला तर हातात उरतो 1890 चा पालक व पाल्य कायदा. त्याखाली जिल्हा न्यायालयात पालकत्व मागता येतं, तिथे मुलाचं हित पाहतात, आणि मूल कळतं असेल तर त्याचं म्हणणंही विचारात घेतात. पण त्यासाठी भावाने भावाविरुद्ध उभं राहायचं, तेही पोरीच्या देखत.

मी शाळेत शिकवते. नाव घालायला आलेल्या माणसाच्या हातात दाखला एकाच्या नावाचा आणि बोटाला धरलेलं मूल दुसऱ्याचं, हे आमच्या भागात नवीन नाही. मूल लहान असेपर्यंत सगळं गोडीगुलाबीने चालतं. मोठ्यांचं एकमेकांशी फाटलं, की मधल्या मध्ये मुलाचं छप्पर जातं. मला याची मनापासून चीड येते. जमिनीच्या गुंठ्यागुंठ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारे आपण, मुलाच्या बाबतीत मात्र 'घरचंच आहे' म्हणून सोडून देतो.

दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वारस येतो. झाशीचे नेवाळकर मूळचे इथलेच, लांज्याजवळच्या कोट गावचे. 1853 मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदररावांना दत्तक घेतलं, डलहौसीने ते मानलं नाही, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या हिंदू शास्त्रात दत्तक घ्यायचा तो मुलगाच, वंशासाठी आणि पिंडासाठी. 1956 च्या कायद्याने मुलगी दत्तक घ्यायची वाट मोकळी केली, आणि ती वाट आज आमच्या उपयोगी पडतेय. बहिणीला स्वतःचा मुलगा आहे म्हणून मला शंका होती. पण नियम असा की मुलगी घ्यायची तर स्वतःची मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी; मुलगा असल्याने अडत नाही. मूल पंधरा वर्षांच्या आतलं असावं आणि मुलगी घेणारा पुरुष तिच्यापेक्षा निदान 21 वर्षांनी मोठा हवा. तेही बसतं. भावोजी दत्तक घेणार तर बायकोची संमती लागते, ती तर काय, सही करायला आत्ताच तयार आहे.

वकिलांच्या ओटीवरूनच दिराला फोन लावला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वहिनी, ती तुमच्याकडे सुखात आहे हे मला दिसत नाही का?" आणि वकिलांना विचारलं, "पुढेमागे मला वाटलं तर परत घेता येईल?" नाही. एकदा कायदेशीर झालेलं दत्तक रद्द होत नाही. देणाऱ्याला ते मोडता येत नाही, घेणाऱ्यालाही नाही. जन्मघराशी तिचं कायद्यातलं नातं तुटतं, एवढंच की त्या घरात जी लग्नं निषिद्ध होती ती निषिद्धच राहतात. दत्तकाआधी जे तिच्या मालकीचं झालं ते मात्र तिचंच. आईच्या पाटल्या आणि नथ बहिणीने कपाटात जपून ठेवलीय, त्यातला पोरीचा हिस्सा कुठे जात नाही.

भावोजी मध्येच म्हणाले, त्याच्या घराच्या हप्त्याला थोडा हातभार लावतो. वकिलांनी तिथेच थांबवलं. दत्तकाच्या बदल्यात पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भावोजींच्या मनात पाप नव्हतं, पण वकिलांनी अडवलं ते बरं झालं.

एक गोष्ट मला सलतेय. 1956 च्या कायद्यात मुलाला विचारायची अटच नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा लक्षात घ्यावी, असं लिहिलंय. त्या कायद्यानेही काका-काकूंना दत्तक घेता येतं. तिथे आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं, 2021 च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी देतात. वकील म्हणाले, दत्तकपत्राचा रस्ता सरळ आहे, तोच घ्या. घेऊ. पण पोर सात वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभी करून हिचा हात हिच्या हातात दिला, सह्या झाल्या, असं मला चालणार नाही. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती घाबरली. "आणि ती विरारला जाते म्हणाली तर?"

म्हणाली तर ऐकायचं, ती तसं का म्हणतेय ते विचारायचं, आणि मगच तारीख ठरवायची. बहीण रडली, पण हो म्हणाली. जन्मदाखला आणि आईचा मृत्यूदाखला काढून ठेवलाय. उद्या संध्याकाळी भावोजी वाडीवरून आले की आम्ही तिच्याशी बोलणार आहोत. दिरालाही फोनवर घ्यायचं ठरलंय. त्याने एकच अट घातली, 'विरारचे बाबा' म्हणायचं तिने सोडू नये. ती अट कुठल्याही कागदात बसणार नाही, पण ती पाळायची असं बहिणीने त्याला तिथल्या तिथे सांगितलं.