चेंबर रिकामंच आहे अजून

रविवार, रात्र बरीच झालीय

झोप येत नाहीये म्हणून वही काढली, नाहीतर बरेच दिवस हात लावला नव्हता.

सकाळी सगळे मिसळीला गेलो होतो गंगापूर रोडला. नेहमीचीच गर्दी, नंबर लावून ताटकळायचं, ओमची पापडासाठी रडारड, हे कुणाशी तरी फोनवर, आणि दीपक भाऊजींनी तर्री वाढून घेता घेता, मीठ मागावं इतक्या सहज, हळूच विचारलं, वहिनी, चेंबरला आहे ना? म्हणजे पर्समधल्या पिस्तुलात, नळीच्या मागच्या घरात, गोळी तयार आहे ना. मी म्हटलं मॅगझिन, मुठीतली काडतुसांची पेटी, भरलेलं असतं, चेंबर रिकामं. त्यावर काहीच बोलले नाहीत. हसले फक्त. आणि पाव मोडून रश्श्यात बुडवला.

झालं एवढंच. पण दिवसभर ते हसू डोक्यातून जात नाहीये. बोलले असते तर बरं झालं असतं, चार शब्द मी पण ऐकवले असते. हसण्याला काय उत्तर देणार.

भाऊजी स्वतः भरून फिरतात, साइटवर, बँकेत, लग्नकार्यात सुद्धा, शर्ट बाहेर सोडलेला आणि दर दहा मिनिटांनी कमरेला हात, म्हणजे लपवलेलं आहे म्हणायचं आणि सगळ्या नाशिकला माहीत. त्यांचं म्हणणं सरळ आहे, वेळ येईल तेव्हा स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून गोळी आत घ्यायला वेळ मिळणार नाही. बरोबरच आहे ते. तिथेच तर गोची आहे, बरोबर आहे.

आणि मला एवढं लागलं का, तर अण्णा गेल्यापासून पेट्रोल पंप मी बघते, टँकर आला की पट्टी बुडवून डिप मी घेते, पेट्रोलची डेन्सिटी मी लिहिते, कंपनीचा माणूस आला की त्याच्यासमोर मी उभी राहते, पिस्तुलाच्या लायसनसाठी पोलीस आयुक्तालयाच्या खेपा मी घातल्या, चौकशीला आलेल्याने "मॅडम, मिस्टर कुठे आहेत" विचारलं ते मी गिळलं, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट सुभेदार काकांच्या शिव्या खात मी मिळवलं, आणि एवढं सगळं करून मिसळीच्या टेबलावर मी कोण, तर जिचं चेंबर रिकामं असतं ती. जाऊ दे.

अण्णांना हा प्रश्नच नव्हता. त्यांचं रिव्हॉल्व्हर. सहा घरं, त्यात पाच काडतुसं, घोड्याखालचं, म्हणजे काडतुसावर मागून आपटणाऱ्या हातोडीखालचं, घर कायम रिकामं. ही फार जुनी पद्धत, आधीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असायचा, हातातून पडलं आणि घोड्यावर आपटलं की उडालीच गोळी, म्हणून सहावं घर सोडायचं. पण रिव्हॉल्व्हरमध्ये त्याची किंमत काहीच पडत नाही, चाप ओढला की चक्र फिरतं आणि पुढचं भरलेलं घर आपोआप समोर येतं. अण्णांची काळजी फुकटात होत होती. माझ्या .३२ पिस्तुलाचं तसं नाही. चेंबर रिकामं म्हणजे आधी पर्स उघडा, काढा, स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडा, तेव्हा कुठे वरचं काडतूस आत जाणार, आणि त्याला दोन्ही हात पाहिजेत. माझ्या एका हातात कॅशची बॅग असते. स्प्रिंग इतकी कडक की सुरुवातीला बोटांच्या चिमटीतून स्लाइड निसटायची, काका ओरडायचे, चिमटीत धरू नका, अख्ख्या तळव्यात पकडा, आणि स्लाइड मागे ओढण्यापेक्षा पिस्तूल पुढे ढकला. तसं केलं की जमतं. रेंजवर जमतं.

कारणं विचाराल तर माझ्याकडे खंडीभर आहेत. ओम घरात आहे, हे एक. पर्स हे दुसरं, भाऊजींच्या कमरेला होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आहे, माझ्या पंजाबी ड्रेसला पट्टा कुठून आणू, आणि पर्समध्ये किल्ल्या, पेन, ओमचं काहीतरी खेळणं, यातलं काय कधी चापात अडकेल सांगता येत नाही. मागच्या वेळी पर्ससाठी वेगळं होल्स्टर आणलंय, चाप पूर्ण झाकणारं, नियमाप्रमाणे पण सार्वजनिक जागी होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच पाहिजे, त्यामुळे हे कारण आता अर्धंच उरलं. तिसरं म्हणजे रोज रात्री लॉकरला ठेवताना रिकामं करावं लागणार. मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं झालं रिकामं, आणि चेंबरमधलं एक तसंच बसलेलं असतं, अपघात होतात ते बहुतेक असेच, काका हे प्रत्येक वेळी सांगतात. शिवाय तेच काडतूस रोज आत-बाहेर केलं की त्याची पुढची गोळी आपटून आपटून काडतुसाच्या नळकांडीत दबत जाते आणि मग मारताना आतला दाब वाढतो. आणि काडतुसं काही किराण्याच्या दुकानात मिळत नाहीत.

आणि सगळ्यात भारी कारण म्हणजे पंप. जिथे आम्ही गिऱ्हाइकाला मोबाईल ठेवा म्हणतो, काडी ओढली तर अंगावर धावून जातो, तिथे मी पर्समध्ये ही वस्तू घेऊन बसते. हे सांगितलं की समोरचा हसतो आणि विषय मिटतो. मी कितीदा तरी मिटवलाय असा.

अभिनेता गोविंदाचं झालं तेव्हा, १ ऑक्टोबर २०२४ ला, पहाटे घरातून निघायच्या गडबडीत स्वतःच्याच लायसनच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, तर ह्यांनी ती बातमी मला दिवसभरात तीनदा फॉरवर्ड केली. वर काही लिहिलं नाही. समोरच्या खोलीत बसून.

पण खरं सांगू का, यातलं एकही कारण खोटं नाही आणि एकही खरं कारण नाही.

भाऊजींच्या बाजूने पण मी विचार करून बघितला. १९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसाने हिशोब मांडला होता, चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि होल्स्टरमधून काढून नेम धरून मारायला सरावलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. तो ऐकल्यावर मी केबिनमध्ये टेप लावून बघितली. माझ्या खुर्चीपासून दारापर्यंत दहा फूट पण नाही. म्हणजे चेंबर भरलेलं असो नाहीतर रिकामं, दारात उभा असलेला माणूस माझ्या आधी टेबलावर. हे कळल्यावर मला हायसं वाटलं. हायसं! घाबरायला पाहिजे होतं ना?

तिकडे इस्रायलमध्ये कित्येक वर्षं चेंबर रिकामं ठेवून, काढताना स्लाइड ओढायचं शिकवत आले, आणि अमेरिकेतले त्याला नावं ठेवतात. काकांना विचारलं तर म्हणाले, आम्ही ड्युटीवर मॅगझिन चढवून उभे राहायचो, हुकुमाशिवाय कॉक करायचं नाही, म्हणजे गोळी चेंबरमध्ये घ्यायची नाही. मग मी पण तेच करते की, म्हटलं. तर म्हणाले, ताई, तुम्हाला हुकूम कोण देणार?

हे मात्र हसून नव्हते म्हणाले.

त्या बाटलीवाल्या मुलाचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. रात्री पंप बंद करायच्या वेळेला दोघं बाइकवर, एक बाटली घेऊन उतरला, पोरांनी सांगितलं बाटलीत देत नाही, आरडाओरडा, आणि मग तो तरातरा केबिनकडेच आला. माझा हात पर्समध्ये. होल्स्टरचं बटण निघालेलं, मूठ हातात, अंगठा सेफ्टीच्या खटक्यावर, आणि त्याच्या कपाळावर हेल्मेटचा लाल वळ अजून दिसतो मला. म्हसरूळच्या पुढे त्यांची दुसरी गाडी बंद पडली होती. बाकीचं लिहायचं नाहीये. पोरांनी गाडीच ढकलत आणायला लावली, हवा पण भरून दिली.

त्या एका सेकंदाला भाऊजी वाया गेलेला सेकंद म्हणतात. मला तो पाहिजे. ओमसाठी नाही, पंपासाठी नाही, मला स्वतःला. स्लाइडचा तो आवाज आपण मुद्दाम करायचा, दोन्ही हातांनी, म्हणजे ठरवलं असं होतं. भरलेलं घेऊन निघायचं म्हणजे सकाळी दात घासतानाच ठरवून टाकायचं की आज एखाद्याला मारू शकते मी. वकील आहे ना आपला, तो सांगतो स्वसंरक्षणाचा हक्क आहेच, पूर्वी आयपीसीच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला, आणि जरुरीपेक्षा जास्त इजा करायची नाही हे तेव्हाही होतं, आताही आहे. जरुरी किती हे दीड सेकंदात मोजायचं म्हणे.

२०२४ मध्ये दोन निवडणुका झाल्या, मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा, दोन्ही वेळेला शस्त्र जमा करायचा निरोप आला, पोलीस स्टेशनला जाऊन पावती घेतली आणि पर्स इतकी हलकी झाली की रिक्षात दोनदा चाचपून बघितली. ते दिवस काय मस्त गेले. परत आणायला गेले तेव्हा हवालदार म्हणाला, मॅडम, लोक दुसऱ्या दिवशी धावत येतात, तुम्ही आता उगवताय. मी म्हटलं टँकर होता.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ज्या कॅशसाठी हे लायसन काढलं ती कॅशच राहिली नाही. पन्नास रुपयाचं पेट्रोल घेणारा पण स्कॅन करतो. पूर्वी पंचवटीत बँकेपर्यंत पोटाशी धरून न्यायची बॅग आता अर्धी भरत नाही, त्यातही दहाच्या नोटा. भाऊजींचा चोर बिचारा येईल, चेंबर भरलेली बाई बघेल आणि हातात क्यूआर कोड घेऊन जाईल.

आता हसायला येतंय. सकाळी यायला पाहिजे होतं.

लायसनची मुदत पण संपत आलीय. २०१९ च्या दुरुस्तीने पाच वर्षांची झाली, पूर्वी तीन होती, अण्णा दर वेळी कटकट करायचे. ह्यांचं म्हणणं सोडून दे. सोडणार नाही, ते का ते आज नको लिहायला. नूतनीकरणाचा अर्ज भरायचा, फोटो काढायचे, आणि शनिवारी काकांकडे जाऊन स्लाइडचा सराव, एका हाताने पण करता येते म्हणे, स्लाइडवरचा नेम धरायचा मागचा साइट बेल्टला किंवा टेबलाच्या कडेला अडकवून. बेल्ट नाही, टेबल आहे.

भाऊजींनी पुढच्या रविवारी परत विचारलं तर सांगणार आहे, हो, चेंबरला आहे. पर्समध्ये हात घालून ते थोडेच बघणार आहेत.