तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यातलं लोण्याचं रॉकेट

दर मे महिन्यात कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतंच. जावेने विचारला, शेजारच्या वहिनींनी विचारला, फोटो बघून पुण्याच्या मैत्रिणीनेही विचारला. मालवणच्या उकाड्यात केकला लोणी-साखरेचं बटरक्रीम कशाला लावतेस? सरळ फाँडंट लाव, वितळायची भीती नको! प्रत्येकीला मी घाईघाईत काहीतरी सांगून मोकळी झाले. आज नीट सांगते, कारण या उत्तरात माझ्या सासूबाईंचा वाटा मोठा आहे आणि तो घाईत सांगण्यासारखा नाही.

आधी फाँडंटचं सांगते. साखरेचा तो लाटलेला पापुद्रा कोरड्या हवेत सुरेख दिसतो. पण आमच्याकडे मेमध्ये बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, आणि दुपारी तळलेला पापड संध्याकाळी मऊ पडतो. साखर हवेतली ओल ओढून घेते. त्यामुळे फाँडंटला घाम येतो, तो चिकट होतो, बोट लागलं की ठसा उमटतो. म्हणजे तोही इथे सुखाने नांदत नाही. शिवाय मुलं तो सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात, हे मी किती वाढदिवसांना पाहिलंय. ज्याचा वाढदिवस आहे तो जे खाणार नाही, ते त्याच्या केकवर मी का लावावं? बटरक्रीमचं भांडं मात्र पोरं बोटाने निपटून खातात.

राहिला वितळण्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे. लोणी 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतं, लिबलिबीत तर त्याच्या कितीतरी आधी होतं. दुपारी आमच्या स्वयंपाकघरात तेवढाच पारा असतो. पहिल्या वर्षी मी दुकानातलं बटर आणलं आणि सकाळी दहा वाजता साधा गोल केक सजवायला घेतला. अर्ध्या तासात कडेची फुलं घसरून खाली आली. पुढच्या वर्षी केक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, पण शेजारच्या डब्यात सोड्याचं, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं, सुकं होतं. लोणी वास फार चटकन धरतं. केक दिसायला उत्तम झाला होता, पण पहिल्याच घासाला सगळे गप्प झाले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर मी सासूबाईंशी बोलले. त्यांच्या कपाटात मुटेलाचा गोळा असतो. मुटेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, पण थिजून दगडासारखं झालेलं. टाचांच्या भेगांवर ते गरम करून लावतात. भर मे महिन्यातही तो गोळा बोटाने दाबला जात नाही, कारण तो वितळायला 40 अंशांच्या आसपास ऊब लागते. मी म्हटलं, "आई, हे इतकं घट्ट राहतं, मग लोणीच का पळतं?" त्या म्हणाल्या, "गायचां लोणी आधी इरघळतां, म्हशीचां मागीर. आणि तू ताक रवाक दितस त्याच्यात."

आयुष्यभर लोणी काढलेल्या बाईचं ते उत्तर होतं. मी नंतर ताडून पाहिलं, तर दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. म्हशीच्या दुधाचं स्निग्ध किंचित जास्त उष्णता सोसतं. त्यात गायीच्या दुधातलं पिवळं कॅरोटीन नसतं, म्हणून ते लोणी मुळातच पांढरं असतं. पांढरं क्रीम हवं म्हणून लोक जांभळ्या रंगाचा थेंब टाकून बटरचा पिवळेपणा मारतात. आम्हाला त्याची गरजच पडली नाही. आणि लोण्यात ताक राहिलं की ते आंबूस लागतं, सैल राहतं, त्यावर साखर घातली की पाणी सोडतं.

आता रॉकेट. 2024 च्या मे महिन्यात मुंबईहून पुतण्या आला तो चांद्रयान-3 डोक्यात घेऊनच. केक त्यालाच नेणाऱ्या रॉकेटचा हवा, म्हणजे एलव्हीएम-3 चा. त्याने वहीत मापं लिहून आणली होती: उंची 43.5 मीटर, मधला टप्पा 4 मीटर जाडीचा, नाकावरचं कवच 5 मीटरचं, बाजूचे दोन बूस्टर 3.2 मीटरचे. "काकी, एक मीटरला एक सेंटीमीटर धरूया." धरलं, तर रॉकेट काकडीएवढं बारीक होत होतं. बराच वाद झाला आणि शेवटी लांबी तीच ठेवून जाडी दुप्पट करायचं ठरलं. उभं रॉकेट मी या हवेत करणार नाही, तो हट्ट आपल्याकडे धरूच नये. आडवा केक फळीवर निवांत झोपतो आणि फ्रीजच्या कप्प्यात तिरपा का होईना, बसतो. ब्रेडच्या साच्यातले घट्ट केक जोडून मधला भाग केला, जॅम लावून गुंडाळलेल्या स्पंजचे बूस्टर केले. भाजण्यात विशेष काही नाही. केक गार झाल्याशिवाय कोरायला घेऊ नका, एवढं पुरे.

खरं काम लोण्याचं. दोन आठवड्यांच्या सायीचं अर्धा किलो लोणी निघालं. बर्फाच्या पाण्यात ते धुवायचं, पाणी ओतायचं, पुन्हा धुवायचं. तिसऱ्या पाण्याला मला वाटलं झालं. सासूबाईंनी सुपारीएवढा गोळा उचलला, अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबला आणि माझ्यासमोर धरला. कडेला मोहरीएवढा पांढुरका थेंब आला होता. काही न बोलता त्यांनी गोळा परत पातेल्यात टाकला. सहाव्या पाण्याला पाणी नितळ राहिलं आणि दाबलेल्या गोळ्यातून काहीच आलं नाही. मग मलमलीत गुंडाळून, लाकडी चमच्याने दाबून उरलासुरला ओलावा काढला. ही परीक्षा मी कुठल्याच पाककृतीत वाचलेली नाही, आणि माझ्या मते इथल्या बटरक्रीमचं निम्मं यश तिच्यात आहे.

प्रमाण असं: लोणी 500 ग्रॅम, आयसिंग शुगर 900 ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. पिठीसाखर घरी मिक्सरवर केली तर क्रीम जिभेला खरखरीत लागतं, आणि दुकानच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअर असतं, ते ओल धरून ठेवायला उपयोगी पडतं. पाककृतीत लिहिलेलं दूध आमच्याकडे अजिबात घालायचं नाही. काही जणी निम्मं वनस्पती तूप घालतात. क्रीम उभं राहतं हे खरं, पण ते तोंडाच्या उबेला पुरतं वितळत नाही, टाळूला मेणासारखं बसतं. मला ते पटत नाही.

काम पहाटे चारला सुरू करायचं. त्या वेळी माजघरातली जमीन पायाला गार लागते आणि लाईट जायची शक्यताही कमी. जेटीवरून आदल्या संध्याकाळी बर्फ आणून ठेवलेला असतो, कोऱ्या थर्माकोलच्या पेटीत, मासळीच्या नव्हे. परातीत बर्फ, त्यावर क्रीमचं पातेलं. पायपिंग बॅगा दोन: एक हातात, दुसरी बर्फावर. हाताच्या उबेने पहिलीतलं क्रीम सैल वाटलं की लगेच बदलायची. दर दहा मिनिटांनी हात गार पाण्यात बुडवून कोरडे पुसायचे.

चतुर्थीच्या आधी भिंतीला गिलावा करतात, तसा केकला पहिला हात द्यायचा. क्रीमचा अगदी पातळ थर, ज्यात केकचा भुगा चिकटून बसतो. तो थर कुरूप दिसतो, दिसू द्या. वीस मिनिटं फ्रीजमध्ये घट्ट झाला की वरचा जाड हात. मग गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसलेली सुरी रॉकेटच्या शेपटीपासून नाकापर्यंत एका दमात ओढायची. मध्ये थांबलात तर तिथे रेघ राहते. तो हात ओढताना मी श्वाससुद्धा धरून ठेवते. सुरीमागे पांढरी, गुळगुळीत पाठ उघडत जाते, आणि पुन्हा सुरी पुसून पुढचा पट्टा.

रंग सगळ्यात शेवटी. फ्रीजमधला केक आमच्या हवेत आला की त्यावर दव साचतं. ते पुसायचं नाही, पंख्याखाली आपोआप सुकू द्यायचं. आधीच रंग भरलेले असतील तर त्या दवात ओघळतात. काळ्या रेषांसाठी काळा रंग ओतत बसू नका, कोको घालून क्रीम आधी गडद तपकिरी करा, मग थेंबभर रंग पुरतो, आणि तासाभरात तो स्वतःहून आणखी गडद होतो. ज्वाळांचा पिवळा मी हापूसच्या रसाचा केला, पण रस मंद आचेवर गोळा होईपर्यंत आटवून. पातळ रस लोण्यात मिसळत नाही, क्रीम फाटतं. नाकाजवळ तिरंगा काढला आणि बटर पेपरच्या मेंदीसारख्या कोनाने पाठीवर "भारत" लिहिलं, आधी अक्षरं आणि मग एका रेषेत वरची शिरोरेषा.

आणि विक्रम लँडर, म्हणजे चांद्रयानातला चंद्रावर उतरणारा भाग. तो नाकाच्या आत असायलाच हवा, असं पुतण्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. कवचाचा भाग आतून पोखरून जागा केली. काड्यापेटीएवढा केकचा तुकडा, चार पायांना चार काजू. पण सोनेरी वेष्टण कशाचं? फोटोत दिसतं ते सोनं नव्हेच, पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकची पिवळसर पारदर्शक पातळ फिल्म असते आणि तिच्या पाठीला ॲल्युमिनियमचा मुलामा. हे मी त्याला वाचून दाखवत होते तेव्हा सासूबाई फडताळातून आंबापोळी काढत होत्या. मी एक पट्टी उजेडासमोर धरली. मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी, जराशी सुरकुतलेली, थेट फोटोतल्यासारखी. मागे चांदीचा वर्ख लावला आणि लँडरला गुंडाळली. गेली कित्येक वर्षं घरात आंबापोळी वाळते आहे, पण तिच्याकडे अशी मी कधी पाहिली नव्हती.

यान उडालं 14 जुलै 2023 ला दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी, म्हणून केक अडीचलाच कापायचा असा त्याचा हट्ट होता. मी ऐकलं नाही. त्या वेळेला माझं लोणी उभं राहणार नाही, हे मला आता माहीत आहे. पाच वाजता, उन्हं उतरल्यावर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाट मांडून रॉकेट ठेवलं. शेजारच्या वहिनी वाकून बघत म्हणाल्या, "गो, ह्यां वितळाचां नाय मां?" ज्वाळांची टोकं तेवढी जराशी गोलावली होती. पाठीवरची शिरोरेषा सरळ होती.

कापायचा क्रमही पुतण्यानेच ठरवला. उड्डाणानंतर दोन मिनिटांनी बूस्टर सुटतात, म्हणून पहिले बूस्टर, एक आजीला आणि एक मोठ्या माणसांत. मग सव्वातीन मिनिटांनी कवच सुटतं, म्हणून नाकाची दोन शकलं. मग मधला टप्पा पोरांनी वाटून घेतला. लँडर मात्र त्याने कोणाला हात लावू दिला नाही. बशीत ओलं खोबरं पसरून चंद्र केला आणि घड्याळ घेऊन पायरीवर बसला. 23 ऑगस्टला विक्रम संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी उतरला होता. बरोबर त्या मिनिटाला त्याने दोन्ही हातांनी लँडर उचलला, श्वास रोखून खोबऱ्यावर टेकवला आणि हात काढून घेतले. चारही काजू जागच्या जागी होते.