मैत्रीला तास द्यावे लागतात

आज दिवसभरात कामाव्यतिरिक्त कुणाशी निवांत बोलणं झालं का, एवढं झोपण्यापूर्वी आठवून बघा. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला हिशोब मला फार मोलाचा वाटतो: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे धरता येत नाहीत. गप्पा, फिरणं, एकत्र जेवण, हे तास कामी येतात.

"भेटू कधीतरी" इथेच गाडं अडतं. वार आणि वेळ ठरवा. आठवड्याला दोन तास धरले तरी ५० तासांना जवळजवळ सहा महिने जातात. म्हणून तिसऱ्या भेटीनंतर "आपलं काही जमत नाही" म्हणून सोडून देऊ नका, अजून सहाच तास झालेत!

आणि मेसेजमध्ये नुसतं "कसा आहेस?" नको, त्यावर "मजेत" याच्यापुढे गाडी जात नाही. "काकूंचा गुडघा कसा आहे, जिना चढता येतो का आता?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा विचारा. बहुतेक वेळा राग वगैरे काही नसतो, मेसेज खाली गेलेला असतो.