कार्डिंग्टनच्या शेडमध्ये

इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळच्या कार्डिंग्टनला एअरशिपची, म्हणजे हायड्रोजन भरून तरंगणाऱ्या अजस्र हवाई जहाजांची, जुनी शेड आहे. तिचं पोलाद तपासायचं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. पूल, कारखाने, गोदामं बघत आयुष्य गेलंय, तरी आत शिरल्यावर मान वर झाली ती खाली येईना. लांबी 812 फूट आणि मध्ये एकही खांब नाही.

बूम लिफ्टवर माझ्याबरोबर सांधे तपासणारे गृहस्थ कराचीचे होते. ही शेड पहिल्या महायुद्धात उभी राहिली तेव्हा 700 फुटांची होती. ‘आर 101’ या एअरशिपसाठी 1924 ते 1926 मध्ये छप्पर 35 फूट वर उचललं आणि लांबी वाढवली. रंगाच्या थराखालचे रिव्हेट बोटांनी चाचपत ते म्हणाले, अशीच एक शेड आमच्या शहरात होती, तिला लोक ‘काला छपरा’ म्हणायचे, आजोबांनी ती पाहिली होती.

मग काय, काम करता करता इंग्लंडहून भारतात जायचा एअरशिपचा अख्खा मार्गच आमच्या बोलण्यात आला. कार्डिंग्टन, इजिप्तमधलं इस्मायलिया, कराची. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. इस्मायलियाला फक्त मास्ट, म्हणजे एअरशिप बांधून ठेवायचा उंच मनोरा; कराचीला मास्ट आणि शेड दोन्ही. कार्डिंग्टनचा मास्ट सुमारे 200 फूट उंच. त्यात प्रवाशांसाठी लिफ्ट, शिवाय हायड्रोजन, इंधन आणि पाण्याचे नळ. एअरशिपचं नाक मास्टला बांधलं की ती वारा फिरेल तशी भोवती फिरणार, म्हणजे तेवढं वर्तुळ मोकळं हवं. उष्णतेचा हिशेब तर आणखी कडक. हवा 15 अंशांवरून 30 अंशांवर गेली की उचलण्याची ताकद साधारण पाच टक्क्यांनी घटते. ‘आर 101’एवढ्या जहाजात याचा अर्थ सुमारे आठ टन. तळ कुठे असावा हे ठरवणाऱ्याला तिथला उन्हाळा असा टनांत मोजावा लागतो.

या सगळ्यात मला सर्वात मोठा वाटतो तो मॉरिस गिब्लेट, एअरशिपसाठीच्या हवामान विभागाचा प्रमुख. सातशे फुटांहून लांब जहाजाच्या नाकावर आणि शेपटीवर एकाच क्षणी वेगवेगळा झोत येऊ शकतो, म्हणून त्याने कार्डिंग्टनच्या मोकळ्या मैदानात एकमेकांपासून दूर वायुवेगमापक लावून वाऱ्याची घडण तपासली. तळाचं नियोजन याला म्हणायचं!

जमिनीवरची माणसं इतक्या बारकाईने काम करत असताना जहाजाची पुरेशी चाचणी मात्र झाली नाही. ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांना भारतात जाऊन ऑक्टोबरमधल्या साम्राज्य परिषदेसाठी परतायचं होतं. 4 ऑक्टोबर 1930 च्या संध्याकाळी ‘आर 101’ निघाली आणि रात्री दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळाली. 54 पैकी 48 जण गेले. थॉमसन गेले, गिब्लेटही गेला. त्या घाईचा मला आजही राग येतो. कराचीच्या शेडमध्ये एकही एअरशिप कधी आली नाही; पुढे ती पाडली.

गिब्लेटचा अभ्यास 1932 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. आमच्या तपासणीच्या त्या दिवशी संध्याकाळी मी शेडच्या लांब भिंतीवरचा वाऱ्याचा भार काढायला बसलो. एवढ्या लांबीवर जोराचा झोत सगळीकडे एकदम बसत नाही, म्हणून भार थोडा कमी धरतात. शेजारी बसलेल्या नव्या इंजिनियर मुलीने कारण विचारलं, तेव्हा मी तिला आधी खिडकीतून ते मैदान दाखवलं.