आख्यान ठरलेलं, बोलणं मोकळं

गोव्यात फोंड्याला आमच्या घराच्या पडवीत एक टेबल आणि दोन संगणक, एवढ्यावर 2017 मध्ये आम्ही नवरा-बायकोने काम सुरू केलं. छापील किंवा तोंडी चालत आलेल्या गोष्टी घ्यायच्या आणि मोबाइलवर ऐकणाऱ्याला मध्ये मध्ये निर्णय घेता येतील अशा करायच्या. नातेवाइकांना हे समजावून सांगणं गोष्ट लिहिण्यापेक्षा अवघड होतं. शेवटी 'गेम करतात' असं सांगून मोकळे झालो.

पहिली गोष्ट राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची, माझ्या आजीकडून ऐकलेली. रात्री शेताच्या बांधावर काठी-कांबळंवाला माणूस विडी मागतो. द्यायची की पळायचं? मला वाटलं, जितके फाटे तितकी मजा. दर ठिकाणी दोन पर्याय ठेवले, तर दहाव्या वळणावर 1024 शेवट होतात, हे गणित बायकोने कागदावर मांडलं तोवर मी चाळीसेक प्रसंग लिहून बसलो होतो. एकही धड नव्हता. राखणदार तर कुठेच राखणदार वाटेना.

वाट सापडली ती पेडण्यात, दशावताराच्या रंगपटात. तोंडाला रंग लावता लावता एक जुने नट म्हणाले, आख्यान खेळाआधी ठरतं, संवाद मात्र कुणी लिहून देत नाही, समोरचा काय बोलतो त्यावर आपण बोलायचं. संहितेशिवाय रात्रभर चालणारा खेळ आमच्या दारात होता, आणि मी परदेशी व्हिडिओ बघून शिकत होतो! घरी येऊन शेवट एकच ठेवला. पळालात तरी तो पुढच्या वळणावर भेटतोच. बदलतं ते त्याचं बोलणं. फाटे पुन्हा एकत्र आणले आणि काम आटोक्यात आलं.

मग देवनागरीने छळलं. आमच्या तेव्हाच्या गेम-इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'विडी'तली पहिली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसायची आणि 'म्हादई'चा 'म' पाय मोडून उभा राहायचा. कित्येक महिने प्रत्येक ओळ चित्र म्हणून चिकटवली. एक काना चुकला की पुन्हा नवं चित्र. 2023 मध्ये गोडो या इंजिनची चौथी आवृत्ती आली, तिच्यात जोडाक्षरं नीट उमटली आणि ते थांबलं.

पैशाचं म्हणाल तर एका गिऱ्हाइकाने काम नेलं, बिल मात्र अजून 'बघतो'वर आहे. लेखकांच्या कथा घेताना आता तोंडी होकारावर विसंबत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. शिवाय कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीमुळे, करार करताना वापरात नसलेलं माध्यम त्यात स्पष्ट लिहिलं नसेल, तर त्याचा हक्क मिळत नाही. म्हणून छापील, ध्वनी, मोबाइल, सगळं वेगवेगळं लिहितो. एका लेखकाच्या मुलीने तर कथेतल्या कोणत्या दोन ओळींना हात लावायचा नाही, तेही करारात घालून घेतलं. बरोबरच होतं तिचं.

राखणदाराची गोष्ट आम्ही वाळपईला एका शाळेत दाखवली. मुलांपुढे विडी नको, असं शिक्षकांनी सुचवलं. आम्ही अडून बसलो. राखणदार काय चॉकलेट मागणार? तेवढ्यात नातवाबरोबर आलेल्या एका आजीने मोबाइल हातात घेतला. दोन्ही बटणं पाहिली, एकही दाबलं नाही.

"नारळ ठेवायचा कुठे?" तिने विचारलं.

तिसरं बटण आम्ही त्याच रात्री घातलं.